डाव्या हाताचं कडं

आवडीला त्या दिवशी जायचंच नव्हतं. सकाळपासून ती एकेक कारण काढत होती. म्हैस आज-उद्या विणार, गुडघा धरलाय, ऊन कडक पडेल. एकाही कारणाला कुणी भीक घालेना, तेव्हा तिनं लेकीच्या पोटाकडं बघितलं आणि म्हणाली, "पोटुशी बाई मेलेल्याची हाडं बघायला जात नाय."

रखमा उंबऱ्यात बसून केस विंचरत होती. तुडीलला दिलेली ही आवडीची एकुलती एक लेक बाळंतपणासाठी माहेरी आली होती. ती म्हणाली, "आख्खी वाडी चाललीय गो आये. मी घरात एकटी बसून काय भिंतीशी बोलू?"

"हाडं बघून पोटातल्याला धसका बसतो."

"त्याला काय दिसतंय आतून," रखमा म्हणाली आणि उठली. उठताना तिच्या पायांतल्या चांदीच्या तोरड्या वाजल्या. त्या आवाजासरशी आवडीनं नेहमीसारखी नजर दुसरीकडं वळवली. शेजारची चंद्राबाई दारात येऊन उभी होतीच. आवडीनं डोक्यावरून पदर घेतला आणि ती त्यांच्याबरोबर निघाली.

आंबेकोंड ही पोलादपूरच्या वरच्या अंगाला, सावित्रीला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या काठची वाडी. वाडीच्या डोक्यावर झुंजेची खिंड. फार जुन्या काळी तिथं दोन फौजा भिडल्या होत्या. कोण कुणाशी लढलं हे वाडीत जो तो वेगळं सांगे, पण एवढं सगळ्यांना ठाऊक होतं की लढाई संपली आणि त्याच पावसाळ्यात डोंगर खाली आला. ज्यांना उचलायला कुणी आलं नव्हतं ती माणसं तिथंच दरडीखाली गेली. महाडचे गंगाधरपंत वकील या गोष्टीनं झपाटले होते. कोर्टाला सुटी लागली की ते खिंडीखाली तंबू ठोकून राहत, सरकारची परवानगी काढून जमीन उकरत आणि जे सापडेल ते कापसात गुंडाळून ठेवत. एकोणीसशे एकतीसच्या उन्हाळ्यात त्यांनी खिंडीखालची पडीक चौकी शाकारून घेतली, सापडलेल्या वस्तू तिथं मांडल्या आणि दारावर 'झुंजखिंड वस्तुसंग्रहालय' अशी पाटी लावली. वाडीतली माणसं त्याला हाडांचं घर म्हणू लागली. वाडीचा देव भैरी, त्याच्या जत्रेच्या दिवशी ते घर सगळ्यांना उघडं राहणार होतं.

आता आवडी तिकडं जायला का कचरत होती, ते सांगायला थोडं मागं जायला हवं.

आवडीचा नवरा मुरारी मुंबईत गोदीत कामाला. शिमग्याला आणि गणपतीला तेवढा घरी यायचा. बाकी वर्षभर घर, म्हैस आणि डोंगराच्या अंगावरचे नाचणीचे तुकडे आवडीच्या अंगावर. पण वाडीत तिला मान होता तो कष्टांमुळे नव्हे. भाऊभाऊ वेगळे झाले आणि खळ्यावर भाताची वाटणी करायची वेळ आली, की मापटं धरायला आवडीला बोलावत. तिचा हात कुणाकडं झुकत नाही, असं सगळे म्हणत. कुणाची चुकलेली शेळी सापडली तर ती आणून आवडीच्या दारात बांधायची, धनी येऊन घेऊन जायचा. वाडीची आणखी एक रीत होती. सर्वपित्रीला खिंडीच्या तोंडाशी एक पान वाढायचं, ज्यांचं करायला कुणी उरलं नाही त्यांच्यासाठी. ते पानही आवडीच वाढून नेई.

रखमाचं लग्न ठरलं त्या साली पाऊस फार झाला आणि खिंडीखालची एक कड खचली. आवडीच्या खालच्या तुकड्याचा बांध फुटला. दसरा झाल्यावर ती एकटीच तो बांध रचायला गेली. खचलेल्या मातीतून दगड उपसताना तिच्या हाताला काळपट, मुळांसारखं काहीतरी लागलं. तिनं ते ओढलं. मग तिला दिसलं की ते मूळ नव्हे. माणसाचा हात होता, कोपरापासून खालचा, आणि मनगटाच्या जागी मातीनं भरलेलं एक जाड कडं होतं.

ती तिथंच खाली बसली. कुणाला हाक मारावी असं तिला आधी वाटलं. वरच्या तुकड्यात चुलतदीर हैबती गवत कापत होता, तिनं नुसती साद घातली असती तरी तो आला असता. पण तिनं अंगठ्यानं कडं घासलं आणि मातीखालून पांढरी चांदी दिसली. दोन्ही टोकांना वाघाची तोंडं होती, एकमेकांकडं बघणारी. आवडीला रखमा आठवली. तुडीलची माणसं चांगली होती. त्यांनी काही मागितलं नव्हतं. उलट मागत नाहीत हेच आवडीला टोचत होतं. लंकेची पार्वती म्हणून पोरगी त्यांच्या दारात उभी राहणार आणि तिथल्या बाया तिच्या मोकळ्या पायांकडं बघणार, हे चित्र तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

तिनं कडं ओच्यात खोचलं. हाडं दगडांच्या पाटीत टाकली, वर माती लोटली आणि पाटी डोक्यावर घेऊन ओढ्यावर गेली. ओढ्याला अजून जोर होता. तिनं पाटी उपडी केली. माती आणि दगड बुडाले, हाडं क्षणभर वर राहिली, मग तीही गेली. तिनं हातही जोडले नाहीत. कुणी बघितलं का, एवढंच तिनं मागं वळून पाहिलं.

पोलादपूरच्या सोनारानं कडं हातात घेऊन विचारलं, "कुणाचं हो हे?"

"सासऱ्याचं," आवडी म्हणाली. आयुष्यात इतक्या सहज ती कधी खोटं बोलली नव्हती.

"मोडू नका. असलं काम आता कुणी करत नाही."

"पोरीला तोरड्या करायच्यात."

सोनारानं खांदे उडवले आणि कडं मुशीत ठेवलं. आवडी समोर बसून होती. कड्याचा मधला भाग आधी खचला. वाघांची तोंडं मात्र बराच वेळ तशीच राहिली, मग त्यांचे कान गेले, डोळे गेले आणि शेवटी नुसता एक चकचकीत गोळा उरला. घरी येताना तिला हलकं वाटलं. आता कुणाला काही ओळखू येणार नव्हतं.

लग्नात तुडीलच्या बायांनी रखमाच्या पायांकडं बघितलं आणि आवडीचा ऊर भरून आला, हेही खरं. पण पुढच्या सर्वपित्रीला खिंडीच्या तोंडाशी पान ठेवून ती मागं न बघता परत आली. त्यानंतर काही वर्षांनी रखमाला पहिला मुलगा झाला आणि सव्वा महिन्याचाही न होता गेला. लोक म्हणाले, थंडी बाधली. वैदूही तेच म्हणाला. आवडीनं मान हलवली, पण त्या दिवसापासून लेकीच्या तोरड्या वाजल्या की ती नजर दुसरीकडं वळवू लागली.

गंगाधरपंत वाडीत आले ते त्यानंतर. त्यांनी सगळ्यांना भैरीच्या देवळापुढं बोलावलं आणि सांगितलं, "तुम्हाला शेतात काही सापडलं असेल तर मला दाखवा. मी कुणाकडून हिसकावून घेणार नाही, पोलिसांना सांगणार नाही. मला फक्त बघायचं आहे." कुणी काही आणून दाखवलं नाही. मग ते घरोघर फिरले. आवडीच्या ओटीवर बसून त्यांनी ताक घेतलं आणि म्हणाले, "आवडीबाई, तुमचा तुकडा खिंडीला सगळ्यांत जवळ. काहीच कधी निघालं नाही?"

"नाय बा. दगडच निघतात," आवडी म्हणाली.

वकिलांनी तिच्यावर विश्वास ठेवला. हैबतीनंच त्यांना सांगितलं होतं की आवडीवहिनी खोटं बोलायच्या नाहीत. त्यांनी आवडीच्या बांधाच्या वर, हैबतीच्या तुकड्यात खणायला घेतलं. खणणं चालू होतं तेवढे दिवस आवडी पलीकडच्या डोंगरावर लाकडांना जायची. काय काय सापडलं हे वाडीत बोललं जाई तेव्हा ती उठून गोठ्यात जाई. एक आख्खा माणूस सापडला, एवढंच तिच्या कानावर पडलं होतं.

चौकीत गर्दी होती. नव्या पेंढ्याचा वास येत होता. भिंतीच्या कडेनं फळ्यांवर घोड्यांचे नाल, भाल्यांची गंजलेली पाती, शिशाच्या गोळ्या, एक मोडकी तलवार असं सगळं मांडलं होतं. जत्रेला आलेली माणसं बोट लावू बघत आणि गंगाधरपंत हसून त्यांचे हात बाजूला करत. मधोमध एक लांब पेटी होती, वर काच बसवलेली. पेटीत वाळू भरली होती आणि वाळूवर तो माणूस ठेवला होता, जसा मातीत सापडला तसाच, एका कुशीवर, गुडघे किंचित दुमडलेले.

"हा उजवा हात बघा," गंगाधरपंत सांगत होते. "मनगटावर कडं आहे. आम्ही ते काढलं नाही. चांदीचं आहे, दोन्ही टोकांना वाघाची तोंडं. म्हणजे हा कुणी साधा प्यादा नसावा. कुणीतरी मानानं दिलेलं दिसतं."

हैबतीनं मान पुढं काढून विचारलं, "आन् डावा हात कुठाय?"

"कोपरापासून खाली सापडलाच नाही. दोन्ही अंगांनी चाळून बघितलं. दरडीनं खाली ओढून नेला असेल. तसलंच कडं त्याही हातात असणार, कारण असली कडी जोडीनं देत. ते मिळालं असतं तर फार बरं झालं असतं. आतल्या बाजूला कधीकधी नाव कोरलेलं असतं. ह्या कड्याच्या आत आरसा धरून बघितलं तर अर्धंच नाव आहे, उरलेलं त्या दुसऱ्यावर असावं."

आवडीनं ते कडं आतून कधी बघितलंच नव्हतं. बाहेरून राखेनं घासलं होतं, एवढंच.

रखमा गर्दीतून वाट काढत पेटीशी गेली आणि पोट सांभाळत वाकली. "आये, बघ गो," ती हळूच म्हणाली. "दात किती बारीक हायत. तरणाच असंल."

"विशीतला," गंगाधरपंत म्हणाले. "दातांवरून कळतं."

"म्हंजे याची आई असंल तवा जिती," रखमा म्हणाली. "वाट बघत बसली असंल."

आवडी मागं उभी होती. पेटीवरून तिची नजर खाली घसरली आणि लेकीच्या पायांवर थांबली. रखमा वाकलेली असल्यानं लुगडं वर गेलं होतं आणि दोन्ही तोरड्या पेटीच्या पायाशी चमकत होत्या. मानानं हातात घातलेलं कडं आवडीनं पायात आणलं होतं. आपण काय केलं ते तिला माहीत होतंच. पण आतापर्यंत ते हाड होतं आणि चांदी होती. आता तो कुशीवर झोपलेला एक पोरगा होता आणि त्याचा एक हात तिनं ओढ्यात फेकला होता. तिनं डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढला, वडीलधारं कुणी समोर आल्यावर ओढावा तसा, आणि ती बाहेर येऊन चौकीच्या पायरीवर बसली.

"भोवळ आली काय गो?" चंद्राबाईनं विचारलं.

"ऊन लागलं," आवडी म्हणाली.

परतीच्या वाटेवर रखमा त्या माणसाबद्दलच बोलत होती. मधेच आवडी म्हणाली, "त्या तोरड्या काढ."

"का?"

"पाय सुजतात ह्या दिवसांत."

"नाय सुजले. बघ की," म्हणून रखमानं पाय पुढं केला. आवडी पुढं चालू लागली.

त्यानंतर आवडीचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. चुलीवरचा भात करपायला लागला. म्हैस पान्हा चोरायला लागली, कारण धार काढताना आवडी मधेच थांबून नुसती बसून राही. रखमाला वाटलं, आपल्या बाळंतपणाची काळजी. ती आईला समजावू लागली की या खेपेला सगळं नीट होईल, आणि ते ऐकून आवडीला आणखी मेल्याहून मेल्यासारखं होई. सांगायचं नाही असं ती रोज ठरवी. सांगितलं तर पोरीच्या मनात कुठला विचार येईल हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण न सांगता तोरड्या पायांतून निघणार नव्हत्या, आणि तोरड्या पायांत असताना ते मूल जन्माला यावं हे तिला सोसवेना.

एका सकाळी दोघी ओढ्यावर धुणं धूत होत्या. पाणी आटून कमरेएवढ्या डोहापुरतं राहिलं होतं. आवडीच्या हातातलं लुगडं थांबलं. ती म्हणाली, "रखमा, त्या पेटीतल्या माणसाचा डावा हात मला सापडला होता."

रखमानं वर बघितलं. आवडीनं सगळं सांगितलं. बांध, हाडं, पाटी, सोनार. हाडं टाकली ती याच डोहाच्या वरच्या अंगाला, हेही सांगितलं. स्वतःची बाजू घेणारा एक शब्द ती बोलली नाही. सांगून झाल्यावर ती लेकीच्या तोंडाकडं बघत राहिली.

रखमानं हातातलं धुणं दगडावर ठेवलं. मग तिनं विचारलं, "म्हून माझं पोर गेलं?"

हाच प्रश्न येणार म्हणून आवडी इतके दिवस भ्याली होती. नाही म्हणावं असं तिच्या अगदी ओठांवर आलं. थंडी बाधली, वैदूनं सांगितलं होतं, सगळी वाडी तेच म्हणाली होती. पण आणखी एक खोटं बोलायला तिची जीभ वळेना.

"मला म्हाईत नाय," ती म्हणाली.

रखमा दगडावर बसली आणि तोरड्या काढू लागली. पोटामुळं तिला वाकता येईना. आवडी मदतीला पुढं झाली, तर तिनं आईचा हात बाजूला सारला. कशाबशा दोन्ही काढल्या, ओल्या दगडावर ठेवल्या आणि अर्धं धुणं तसंच टाकून ती घराकडं चालू लागली. त्या दिवसापासून ती आईशी कामापुरतंच बोलली. आठवड्याच्या आत तिनं तुडीलला निरोप धाडला आणि नवरा बैलगाडी घेऊन आला. बाळंतपणाला आलेली लेक बाळंत न होता सासरी परत चालली, हे वाडीनं डोळे विस्फारून बघितलं. चंद्राबाईनं विचारलं तेव्हा रखमाच म्हणाली, "सासूबाईंना बरं नाय." गाडी वळणाआड जाईपर्यंत आवडी दारात उभी होती. रखमानं मागं वळून बघितलं नाही.

रविवारी गंगाधरपंत चौकीत यायचे. आवडी फडक्यात बांधलेल्या तोरड्या घेऊन गेली आणि त्यांच्या पुढ्यात ठेवल्या.

"हे काय?"

"त्याचं डाव्या हाताचं कडं," आवडी म्हणाली.

वकिलांना आधी अर्थच लागला नाही. मग लागला तेव्हा ते उठून उभे राहिले, तोरड्या हातात घेऊन उजेडाकडं गेले, उलट्यासुलट्या करून बघितल्या, जणू आतून काही अक्षरं अजून निघतील. ती निघण्यासारखी नव्हती. ते परत येऊन खुर्चीत बसले.

"आवडीबाई, मी तुमच्या ओटीवर बसून विचारलं होतं."

"व्हय."

"नाव होतं त्याच्यावर. त्या पोराचं नाव होतं हो."

"मी बघितलंच नाय," आवडी म्हणाली. "मला वाचता नाय येत. पन बघितलं असतं, तरी मी ते मोडलंच असतं. तवा माझ्या डोळ्यांपुढं पोरीचे पाय होते."

गंगाधरपंत रागीट नव्हते, पण त्यांचं तोंड उतरलं होतं. शेवटी तिची अवस्था बघून तेच म्हणाले, "हाडं नदीतच सोडतात, आवडीबाई. त्याच्या एका हाताला तरी पाणी मिळालं, असं समजा."

"मी सोडली नाय, वकीलसायब. मी टाकली."

आवडी पेटीकडं वळली. "तुमच्याजवळ एक मागनं हाय. याचं उरलेलंबी नदीत सोडा. अर्धा तिकडं गेला, अर्धा हितं काचंखाली. असं कुणाला ठेवत नाय."

"तेवढं मागू नका," गंगाधरपंत म्हणाले. "तो मातीखाली होता तेव्हा त्याला कुणी ओळखत नव्हतं. आता लांबून माणसं येतात आणि त्याच्यापुढं गप्प उभी राहतात. मी त्याला नदीत सोडला तर तो पुन्हा हरवेल. मला नाही जमायचं ते."

आवडीनं वाद घातला नाही. मागायचा हक्क आपल्याला उरलेला नाही, असं तिला वाटलं. तोरड्या परत न्यायलाही ती तयार होईना. वकिलांनी त्या फडक्यासकट कपाटात ठेवल्या. निघताना तिनं पेटीच्या पायाशी डोकं टेकवलं.

पुढं जे घडलं ते तिच्या ध्यानीमनी नव्हतं. त्या साली भाताच्या वाटणीला हैबतीच्या खळ्यावर तिला बोलावणं आलं. ती गेली, पण मापट्याला हात लावेना. "दुसऱ्या कुणाला धरू दे," ती म्हणाली, आणि का ते तिनं खळ्यावरच्या सगळ्यांदेखत सांगितलं. लोक थुंकतील, अशी तिनं मनाची तयारी केली होती. कुणी थुंकलं नाही. माणसं एकमेकांकडं बघू लागली. मग हैबती मान खाजवत म्हणाला, "माझ्या गोठ्याच्या दाराला लोखंडी गोळा लावलाय, दार वाऱ्यानं आपटू नये म्हून. तो काय आभाळातून पडला नाय." चंद्राबाईच्या घरी विळ्याच्या जागी वापरात असलेलं एक पातं निघालं. कुणाकडं पितळी बटणं निघाली, कुणाच्या देव्हाऱ्यात सापडलेलं नाणं पुजलं जात होतं. दिवाळीच्या सुमाराला एकेक जण चौकीत जाऊन आपापलं देऊन आला.

गंगाधरपंतांना आनंद झाला. पुढच्या जत्रेला महाडहून काही मंडळी आली तेव्हा सगळ्यांसमोर त्यांनी आवडीला पुढं बोलावलं. हे संग्रहालय भरलं ते या बाईंमुळे, यांनी धैर्यानं पुढं येऊन खरं सांगितलं म्हणून, असं ते म्हणाले आणि तिच्या हातात नारळ दिला. माणसांनी टाळ्या वाजवल्या. आवडी नारळ धरून उभी राहिली. त्या टाळ्या तिला चटक्यासारख्या लागत होत्या. त्या पोराचं नाव मोडून तिनं मान मिळवला, असंच तिला वाटत होतं. काचेआड तो तसाच कुशीवर पडला होता. तिनं नारळ भैरीच्या पुजाऱ्याच्या हातात दिला आणि कुणाला न सांगता ती घरी निघून गेली.

पण या सगळ्याच्या आधी, रखमा परत गेली त्याच साली श्रावण सरता सरता, तुडीलकडून गाडीवान कुशाबा निरोप घेऊन आला होता. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. निरोप एवढाच होता. ये म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

आवडीनं दोन दिवस वाट बघितली. मग म्हैस चंद्राबाईकडं सोपवून, गूळ आणि डिंक पदरात बांधून ती तुडीलच्या वाटेला लागली. दारात विहीणबाई भेटल्या. त्यांनी तोंडभरून स्वागत केलं, पाय धुवायला पाणी दिलं, आणि म्हणाल्या, "तोरड्या घट्ट होतात म्हून रखमानं तुमच्याकडंच ठेवल्या म्हनं. बरं केलंत. हितं हरवल्या असत्या." तेव्हा आवडीला कळलं की रखमानं इथं कुणापाशी तोंड उघडलं नव्हतं.

रखमा आतल्या खोलीत बाजेवर होती. तिनं आईकडं बघितलं आणि बाजूला सरून जागा केली. आवडी बसली. बाळ झोपलं होतं.

"मी घरात सांगितलं नाय," रखमा म्हणाली.

"सांगितलं असतंस तरी माझी ना नव्हती."

"तुझ्यासाठी नाय गप बसले. लोक म्हनले असते, पोरीवर छाया हाय. म्हून." ती थोडा वेळ बाळाच्या कपाळावरून बोट फिरवत राहिली. "माझा पोरगा त्याच्यानंच गेला का नाय, ते मला कदी कळायचं नाय. तुलाबी नाय."

"नाय."

"तेच मनातून जात नाय, आये. रोज वाटतं जाईल. जात नाय."

आवडीनं मान खाली घातली. माफ कर, असं म्हणायला ती इतक्या लांब चालत आली होती, पण लेकीचं बोलणं ऐकल्यावर ते मागणंही तिला जास्तीचं वाटलं. बाहेर विहीणबाईंनी पाणी तापल्याची हाक दिली. बाळ जागं झालं आणि रडू लागलं. रखमानं त्याला उचललं, छातीशी धरलं, आईकडं एकदा नीट बघितलं आणि मूल तिच्या हातांत दिलं.

"सासूबाईंचा हात थरथरतो," ती म्हणाली. "हिला आंघोळ तू घाल. आन् पानी कानात जाऊ देऊ नको."

आवडी न्हाणीत पाटावर बसली, पाय लांब केले आणि नातीला पायांवर आडवं घेतलं. तेल लावताना तिचे हात अगदी स्थिर होते. रखमा दाराला टेकून उभी होती, आणि आंघोळ पुरी होईपर्यंत ती तिथून हलली नाही.